आजीफोनचं न्हाण

११ नोव्हेंबर
आला! चीनहून नमुना आला! लालभडक, बिस्किटाएवढी बटणं, पाठीवर आमच्या कंपनीचा पक्षी. बटण दाबलं की आकडा बोलतो — नाटकातल्या एका बाईंचा मखमली आवाज. म्हाताऱ्यांसाठी आहे, म्हणून ऑफिसात सगळे त्याला आजीफोनच म्हणतात. मी आणि ग्लेब (सर्किटं त्याच्याकडे) टेबलाभोवती नाचलो. गेन्नादी ल्वोविच साहेब, पण तेही नाचले!

शुक्रवारी रिम्मा याकोवलेव्ना येणार. त्यांच्या दुकानांनी फोन घेतला तर आमचा विभाग राहील. नाहीतर नव्या वर्षाला सगळे घरी. घरी म्हणजे मला ईझेव्स्क, बाबांसमोर! त्यापेक्षा मॉस्कोत फुगे विकेन.

१२ नोव्हेंबर
बाबांचं बोलणं आज उगाच आठवलं. "चिन्यांनी बनवायचं, तू बिल्ला चिकटवायचा. याला काम म्हणतात?" माणसाने जन्म रेडिओ कारखान्यात काढला. कारखाना बंद पडला, आणि मी नेमकी इथे लागले. तेव्हापासून अबोला. आईचा फोन येतो तेव्हा मागे त्यांचा खोकला ऐकू येतो, तेवढाच. मला तो फार हवा असतो.

जाऊ दे! फोन लाल आहे, मी खूश आहे.

१३ नोव्हेंबर
सत्यानाश!!

"नवी वस्तू न्हाऊ घातल्याशिवाय टिकत नाही," साहेब म्हणाले. बरोबरच आहे, सगळेच घालतात. गाडीला, फ्रीजला, बुटांनासुद्धा. ग्लास उंचावायचा, वस्तूवर दोन थेंब शिंपडायचे, झालं. पण साहेब जुने फौजी. तिकडे पदक ग्लासात बुडवून ग्लास रिकामा करतात. फोन ग्लासात मावेना. मग सॅलडचं भांडं आणलं, शॅम्पेनने भरलं, आणि — डुबुक! आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी!

भांड्याच्या तळातून नाटकातल्या बाई म्हणाल्या, "पाच, पाच, पा—" आणि गेल्या.

"साहेब, हा एकच होता," ग्लेब म्हणाला.

"मला वाटलं आजी आहे, दणकट असेल!"

हसून हसून पोट दुखलं. मग रडले. मग परत हसले.

१४ नोव्हेंबर, सकाळ
ओल शोषली जावी म्हणून ग्लेबने फोन रात्रभर कुट्टूच्या दाण्यांत पुरून ठेवला होता. फोन मेलेलाच. दाण्यांना मात्र शॅम्पेनचा वास.

पण माझ्या खणात पहिला कच्चा नमुना सापडला! राखाडी, कोपरा उडालेला, तरी चालतो. घोळ एकच, त्यात आवाज माझा आहे. तेव्हा चाचणीपुरते आकडे मीच बोलले होते. कपाटात, कोटांच्या मध्ये बसून, भयंकर सर्दीत. सातला तर नाक पार चोंदलेलं!

"हाच दाखवू," साहेब म्हणाले. "आणि कोणीही याला न्हाऊ घालणार नाही."

"कोणीही म्हणजे कोण, साहेब?" ग्लेब.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
रिम्मा याकोवलेव्नांनी सगळी बटणं दाबली. चेहरा दगडाचा. "ही कोण?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मखमली आवाज ऐकला की माझी आई फोन आपटते. तिला वाटतं, कोणीतरी काहीतरी विकतंय. ही पोरगी बरी. जिन्यात भेटून 'पाव आणू का?' विचारणारी."

"सर्दी काढून पुन्हा रेकॉर्ड करतो," ग्लेब घाईघाईने म्हणाला.

"हात तर लावून बघा!"

घेतला! घेतला! घेतला! साहेब म्हणतात, हा न्हाणाचाच गुण!

२ मार्च
फोन दुकानांत! ट्रॉलीबसमध्ये शेजारच्या आजीबाईंनी नंबर लावला आणि त्यांच्या हातातल्या फोनमधून मीच बोलले! त्या नादात माझा थांबा गेला. चिखलातून परत चालत आले, गात गात.

आवाजाचं आईला सांगितलेलं नाही. बाबांना कळलं तर म्हणतील, बिल्ल्याला आता जीभपण फुटली.

९ मार्च
आईचा फोन. बाबांना हल्ली आकडे नीट दिसत नाहीत. काल महिला दिनाला त्यांनी तिला फुलं दिली, तिने त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा फोन आणला. "कुठला गं?" विचारलं. "लाल," म्हणाली. बाबांनी आधी तो उघडून आतलं सगळं तपासलं म्हणे!



१० मार्च
दुपारी अनोळखी नंबर. आधी नुसता खोकला.

मग — "उल्याशा, सातला तुझं नाक चोंदलंय. टोपी घालत नाहीस ना?"

"घालते," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही.