पोटाशी बांधलेली काचेची डबी

सावेडी, नगर
जानेवारी १९९६

माझी धाकटी बहीण कडूबाई हिला थोरल्या भिमाबाईचा पोटभर जयभीम. इकडं समदी बरी हाईत. तुमच्या श्रीगोंद्याला थंडी कशी हाय, तुझे गुडघे काय म्हणतात? आपली मधली आक्काबाई तुझ्याकडं नीट जेवते का? का अजून घरात माणूस आलं की स्टोव्हनं भाजलेला हात पदराखाली घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसते? मी लई दमलेय बाई. काम करून न्हाई, नुसती बसून दमलेय. आपल्यासारख्या बाईला बसायची सवय कुठली?

झालं असं, की नात प्रज्ञा पुण्याहून दोन काचेच्या डब्या घेऊन आली. दुसऱ्या दिवशी इथल्या कॉलेजात मोठ्या सरांपुढं काहीतरी करून दाखवायचं हुतं, त्यावर तिचं पुढचं शिक्षण अडलेलं. म्हणाली, आज्जी, डबीच्या तळाला एका रसायनाचा पातळ थर हाय. अंगाएवढी ऊब असली की माणसाच्या कातडीच्या पेशी त्याला धरून वाढतात. गार केलं की थर पाणी पिऊन फुगतो, पेशींना सोडून देतो, आन् कातडीची अख्खी साय वर येते. पुढं कधीतरी भाजलेल्या माणसाला लावतील म्हणे. वायरीपण हुत्या. बारीक करंट दिला की पेशी एका दिशेला तोंड करून ओळीनं बसतात. (आपल्या भावकीला द्यायला पाहिजे हा करंट.)

तेवढ्यात लाईट गेली. तिच्या उबेच्या पेटीची बॅटरीपण बसली. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हणलं, अंगाएवढी ऊब पाहिजे ना? मग अंगच हाय की! दोन्ही डब्या पोटाशी बांधल्या, वर गोधडी घेतली. प्रज्ञा आन् तिचा भाऊ प्रशांत स्कूटरवर बॅटरी शोधायला गेले, मला हलायचं न्हाई म्हणून बजावून. शेजारची छबूबाई आली, माझ्या पोटाकडं बघून म्हणते, "कितवा गं भिमाबाई?" मी म्हणलं, "जुळं हाय, हसवू नको, सांडंल." मेली डोहाळे विचारत बसली, उठेचना. तहान लागलेली, पायाला मुंग्या आलेल्या.

ती गेल्यावर मी एक डबी उघडून न्हाई, नुसती उजेडाला धरून बघितली. तळाला साय धरलेली. म्हणलं, जमलं! आता दही लागल्यावर आपण काय करतो? आंबू नये म्हणून गार पाण्यात ठेवतो. ठेवली परातीत, माठाचं पाणी घालून.

प्रज्ञा आली आन् आधी परातीकडंच धावली. साय सुटून डबीत तरंगत हुती. उद्याचा खेळ मी आजच परातीत करून ठेवलेला! दुसरी डबी मात्र माझ्या पोटाशीच हुती. बॅटरी काही मिळाली न्हाई, लाईटपण आली न्हाई. मग काय, रात्रभर एका कुशीवर, आन् सकाळी रिक्षातनं तशीच मी कॉलेजात. खड्डा आला की मी पोट धरायचे आन् रिक्षावाला "दवाखान्यात घेऊ का मावशी?" म्हणायचा.

सरांपुढं पदराआडनं डबी काढून दिली. प्रज्ञानं गार पाण्यात धरली. सगळे वाकले. कड सुटली, मग हळूच सगळी साय वर आली, कुठं फाटली न्हाई. मोठे सर म्हणाले, "उत्तम. ऊब राखणारं यंत्र कुठल्या कंपनीचं?" पोरगी म्हणते, "सर, ती माझी आज्जी आहे." कडूबाई, जन्माचं सार्थक झालं बघ. कंबर मात्र अजून सरळ होत न्हाई.

तुझी दमलेली थोरली,
भिमाबाई

ता. क. प्रज्ञा पुढच्या महिन्यात परत चार डब्या घेऊन येणार हाय. सावेडीच्या लाईटीचा भरवसा न्हाई आन् माझ्या एकटीच्या पोटावर चार मावत न्हाईत. तू ये.

पुन्हा ता. क. तू न्हाई आलीस तरी चालंल, आक्काबाईला पाठव. जुन्या डागाला आत्ता काही करता येत न्हाई, मी प्रज्ञाला विचारलं. हे तिला खरं सांग. पण डबी धरायला पदराखालीच हात लागतो, आन् तिच्याएवढी सवय कुणाला हाय?