शेवटचा अंक पुसला तरी

नरखेड, ६ जुलै २०२५
चि. सिंधूस अ. आ.
फोनवरचं बोलणं माझ्या ध्यानात राहत नाही, म्हणून पत्र. डॉक्टर म्हणाले, नवं आधी जाईल, जुनं टिकेल. काल सूनबाई वंदना म्हणे, बाबा, तुमचा चहा दोनदा झाला. मले एकदाचाही आठवेना, म्हणून तिसरा मागितला.

तू म्हणतेस, नागपूरले महालात येऊन माझ्याजवळ राहा. यायले काही नाही वं, पण घाबरून राहिलो. विसरता विसरता मी तुझा दादा तरी राहीन का?

जाऊ दे. जुन्या गणित मास्तराची गंमत ऐक. ७,३९,३९,१३३ ही मूळसंख्या. एक अन् ती स्वतः, बाकी कोणानं भाग जात नाही. तिचा शेवटचा तीन पूस, उरते तीही मूळच. आणखी एक पूस, तरी मूळच. असं करत एकटा सात उरतो, तोही मूळच! या गुणाची याहून मोठी संख्या नाही. वेळ जात नसला की मी पाटीवर हेच पुसत बसतो.
लोभ आहे तितका राहू दे, वाढवलास तरी तक्रार नाही.
तुझा, गोपाळदादा

महाल, नागपूर, १३ जुलै
ती. दादास सिंधूचा शि. सा. न.
गणिताच्या पेपरले मी किती रडली हे तुले माहीत, तरी हे डोक्याले खाद्य! नात मेघानं कॉम्प्युटरवर पाहिलं, तुझं सगळं बरोबर निघालं. मग मी खोडी काढली. म्हटलं, मागचा नको, समोरचा सात पूस. झालं, उरलेल्याले अकरानं भाग गेला!

तर दादा, समोरचं जुनं तेवढं सांभाळ अन् मागचं नवं खुशाल जाऊ दे. चहा चारदा घे. लहानपणी मले विहिरीत ढकलून पोहणं शिकवलंस, तेवढं आठवते ना? मग काहून भिऊन राहिला गा? मले तेवढा दादा पुरतो. मुकाट्यानं ये.
माया आहेच तुझी, ती घेऊनच ये.
तुझी, सिंधू

नरखेड, २० जुलै
चि. सिंधूस अ. आ.
मी रविवारच्या एसटीनं येतो. वंदना सोबत आहे. विहिरीत ढकललं तेव्हा तू माझ्या दंडाले कडकडून चावली होतीस, ते वंदनाले सांगितलं. पोरगी हसून हसून बेजार.

अन् हो, तुले कधी न सांगितलेली एक गंमत सांगतो. ७३,९३९ ही मूळसंख्या. तिचा शेवटचा नऊ पूस, उरते तीही मूळच! पुढे आणखी काही अंक होते वाटते. नसले तरी हिचं काही अडत नाही. मजा आहे ना?
आहे तसा लोभ असावा.
तुझा, गोपाळदादा

महाल, २३ जुलै
ती. दादास सिंधूचा शि. सा. न.
अगं बाई, अशी संख्या असते? मी तर पहिल्यांदाच ऐकली! मेघालेही नवल वाटलं. ये, समोर बसून नीट सांग. रोज सांग दादा, मी रोज पहिल्यांदाच ऐकीन.
वाट पाहत,
तुझीच, सिंधू