खालच्या पायरीवरचा डबा

प्रिय विसरभोळे,

गेल्या खेपेला छत्री विसरलीस, चार्जर विसरलीस, आणि आजीला अक्षर येत नाही हेही विसरून सहा पानांचं पत्र धाडलंस. शेजारच्या शिंपीणबाईंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. हेही त्याच लिहितायत. मी सांगते तेवढंच लिहायचं, पदरचं शहाणपण जोडायचं नाही, या अटीवर.

बाग बरी आहे. सफरचंदांना कळ्या आल्यात. उताराच्या सहा पायऱ्यांवर तू रोवलेले ओल मोजायचे डबेही ठणठणीत. वरचा डबा आपली बातमी खालच्याला सांगतो, तो त्याच्या खालच्याला, अशी ती घरातल्या यंत्रापर्यंत येते, हे तू समजावलंस तेव्हा मी हसले होते. अगं, लग्न होऊन आले तेव्हा आम्ही सहा जणी त्याच पायऱ्यांवर उभ्या असायचो. फळांच्या टोपल्या हातोहात खाली यायच्या. सगळ्यात वरची फक्त आपली टोपली द्यायची; खालचीच्या हातून मात्र सहाही जणींच्या जायच्या. मी नवी, म्हणून मला खाली उभं केलं. चौथ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी ठरवलं, रोज जागा बदलायची, आणि अर्ध्यामुर्ध्या टोपल्या एकीत ओतूनच पुढे द्यायच्या. तुझ्या खालच्या डब्याची बॅटरी दोनदा सगळ्यांच्या आधी संपली, तेव्हा मला माझा तो खांदा आठवला.

आता खरं सांगते. तू लिहिलंस, बॅटऱ्या अचानक टिकू लागल्या, पण कोरडी वरची पायरी ओलीचिंब दिसते. तुझे कॉलेजातले सर म्हणतात मोजमाप टाकून द्या, आणि तू काम सोडायच्या बेतात आहेस. सोडू नकोस. डबे मी हलवले. दर रविवारी खालचा डबा सगळ्यात वर, बाकीचे एकेक पायरी खाली. त्यांच्यावरचे आकडे मला नक्षी वाटले. पाच रविवार झाले, खिडकीच्या दोरीला पाच गाठी आहेत. त्या धरून मोजमाप ज्या त्या पायरीला परत लाव. आणि डब्यांना जागच्या जागी आपसात ओझ्याची पाळी घ्यायला शिकव. माझे गुडघे किती दिवस पुरणार?

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी

ता. क. बिस्किटं पाठव, पण मऊ. गेल्या वेळची शिंपीणबाईंच्या मशीनला टेकू म्हणून लावलीत.