आतली लेन कुणासाठी सोडलीत, अण्णा

अण्णा,

तिकडे तुमची तब्येत कशी आहे? पोटऱ्यांत अजून पेटके येतात का? आईचे गुडघे आता दुखायचे थांबले असतील. आत्याचा दमा? धाकट्या काकांची झोप? तुम्हा सगळ्यांना एकेक करून निरोप दिला त्याला किती वर्षं झाली, पण विचारल्याशिवाय पुढचं लिहवत नाही. मी इथे सिंगापूरला, हौगांगमध्ये मुलाच्या फ्लॅटवर असते. साखर वर-खाली होते, बाकी मार्केटपर्यंत पायी जाऊन भाजी आणते. मुलगा सकाळी रॅफल्स प्लेसला बँकेत जातो तो दिवेलागणीनंतरच दिसतो. तेव्हा डोक्याला ताप झालाय तो सांगायचा कुणाला, म्हणून तुम्हाला.

तुमची पणती आठशे मीटर धावते, म्हणजे तुमचीच दोन फेऱ्यांची शर्यत. शनिवारी फायनल आहे. तिच्या शाळेकडून दोघी धावणार, ही आणि हिच्याहून मोठी एक, जिचं शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. कोचने हिला सांगितलंय की पहिली फेरी तू पुढे राहून ओढ आणि शेवटी तिला पुढे जाऊ दे. ही आता तिच्याहून जोरात धावते, हे कोचला माहीत आहे आणि त्या मोठीलाही. काल शाळेतून आली ती बुटांसकट स्वयंपाकघरात. मी थालीपीठ थापत होते. म्हणाली, "आज्जी, पणजोबांनी पण असंच केलं होतं ना? मी काय करू?" एवढं सगळं मराठीत बोलली, म्हणजे किती अडलं असेल बघा. एरवी "कॅन लाह, आज्जी", म्हणजे इथल्या इंग्रजीत 'जमेल गं', यापलीकडे मला उत्तर मिळत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्यावर नव्हे, तुमच्यावर. तिला ती गोष्ट मीच सांगितलेली, पण तुम्ही स्वतः ती मला कधी सांगितली नाहीत. सांगितली वस्तादांनी, आपल्या घरी, आपलाच चहा पिताना. तुमच्या सरकारी खात्याच्या धावण्याच्या टीममधले ते सीनियर, त्यांच्यासमोर तुम्ही खुर्चीत बसायचा नाहीत. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. आशियातल्या देशांनी नुकतंच एकत्र येऊन धावायला सुरुवात केली होती, त्या आशियाई स्पर्धेत तुम्ही दोघं देशाकडून धावलात, तेव्हाचं ते सांगतायत. खात्याची रीतच होती. ज्युनियरने पहिली फेरी ओढायची, वारा छातीवर घ्यायचा आणि शेवटच्या वळणावर आतली लेन सोडून बाहेर व्हायचं, म्हणजे मागून येणाऱ्या सीनियरला जवळची वाट मिळते. तुम्ही ओढलीत. वळणावर तुमच्यापुढे दोघेच उरले होते. वस्ताद पार मागे धापा टाकत होते. आणि तुम्ही, ते कुठे आहेत एवढंही न बघता, शिस्तीत एक पाऊल बाहेर झालात. त्या मोकळ्या जागेतून भलत्याच देशाचा एक लांब ढांगांचा गडी घुसला आणि तिसरं पदक घेऊन गेला.

वस्ताद मांडीवर थाप मारून हसतायत. "याने दार उघडलं माझ्यासाठी, आणि आत शिरला शेजारी." तुम्हीही हसताय. आतून आईचा आवाज येतो, "दोघांच्या पानातलं तिसऱ्याने खाल्लं, त्यात हसण्यासारखं काय आहे?" तुम्ही तिला डोळ्यांनी गप्प केलंत आणि वस्तादांच्या बशीत आणखी चिवडा वाढलात.

पुढेही जन्मभर तेच. मोठं क्वार्टर मिळायची पाळी आली, तर कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून त्याला दिलंत, आणि आम्ही एका खोलीत पाय दुमडून झोपलो. मी सातवीनंतर घरी बसले, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून जे काय शिकायचं ते शिकले, तेव्हाही तुम्ही म्हणालात, होईल सगळं नीट. कुणाचं हो नीट झालं, अण्णा? ज्याच्यासाठी वाट सोडली तो तरी पोचला का?

म्हणून मी पोरीला ठणकावून सांगितलं, तू अजिबात बाहेर व्हायचं नाहीस. ती थालीपीठाचा तुकडा मोडत बसली. म्हणाली, ती मोठी रोज पहाटे हिच्यासाठी थांबते, हिला धावायला तिनेच शिकवलं, आणि तिचा हा लास्ट चान्स आहे. मग तिने विचारलं, "पणजोबांना वाईट वाटलं का?"

मी म्हटलं, "नाही. त्यांना कशाचंच वाईट वाटायचं नाही."

"हाऊ यू नो, आज्जी?"

मी तव्याकडे तोंड फिरवलं. कारण ते मी तुमच्या वतीने ठोकून दिलं होतं. तुम्हाला विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. वाईट वाटलं असेल, तर मी तिला काहीही करून थोपवते. खरंच वाटलं नसेल, तर मैत्रिणीसाठी काय करायचं ते तिचं तिला ठरवू दे. पण कोच म्हणाला म्हणून, रीत आहे म्हणून, मुकाट्याने बाजूला होऊन नंतर हसत चहा पिणारी आणखी एक व्यक्ती या घरात मला बघवणार नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, एवढं मला कळतं. तरी एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी वस्ताद गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले होते, तुम्ही हसलात म्हणून. तेव्हा खरं काय ते लिहा, आणि लवकर लिहा, अण्णा. शर्यत शनिवारी आहे.