पुडिंगचे ओठ

१ फेब्रुवारी १९४३, सोमवार
आजपासून गनिमी कावा. तीन वर्षं या ऑफिसात मी ‘कर्नल सायक्लोन’ कॉमिकची पानं शाईत घालतो. पेन्सिल दुसऱ्याची, शाईच्या रेघा माझ्या. कर्नल विजेच्या तारा दातांनी तोडतो. त्याचा आचारी पुडिंग, आपल्या काळ्या लोकांपैकी. भूत दिसलं की पळतो, कोंबडी दिसली की थांबतो. ओठ टायरएवढे, डोळे बशीएवढे. भांडून उपयोग नाही. भांडणारे बाहेर उभे असतात, मी आत आहे. दर महिन्याला ओठ एक रेघ कमी करायचे. १९४५च्या नाताळपर्यंत पुडिंग माणूस होईल.

८ फेब्रुवारी
खालचा ओठ, एक रेघ. कुणाला पत्ता लागला नाही. इतिहासात अशा दिवसांची नोंद होत नाही, म्हणून इथे करतो.

१९ फेब्रुवारी, दुपारी ३
संपादक ब्रँटसाहेबांना पत्ता लागला. म्हणाले, लू, तुझा ब्रश झिजलाय बाबा, ओठ अंगच धरत नाहीत. स्वतःच्या खणातून नवा ब्रश काढून दिला. अस्सल केसांचा, तोही युद्धाच्या टंचाईत! केवढा विश्वास. कावा पुढच्या महिन्यापासून. नव्या ब्रशवर हात बसायला वेळ लागतो.

५ मार्च
नव्या ब्रशने ओठ फारच झोकदार येतात. साहेब खूश. पुडिंगला दर अंकात दोन पानं वाढवून दिली. म्हणजे सुधारणेला दोन पानं जास्त जागा मिळाली.

१४ मार्च, रविवार
घोटाळा. ओडेसाच्या हाती कॉमिक लागलं. बायकोला मी सांगितलंय की मी ढग आणि इमारती काढतो. (काढतोही. पुडिंगच्या मागे असतात.) चर्चमध्ये मुलांचा रविवारचा वर्ग तीच घेते. तिथे एकाने दुसऱ्याला ‘पुडिंग’ म्हणून चिडवलं, दुसऱ्याने पहिल्याचा दात पाडला. घरी येऊन म्हणाली, हे थोबाड कुठल्या नतद्रष्टानं काढलंय, ठाऊक आहे? मी म्हटलं, छापखान्यात शाई पसरते. ती म्हणाली, मग तुमच्या कर्नलच्या ओठांना कशी नाही पसरत? प्रश्न तांत्रिक होता. मी जेवायला बसलो.

२१ मार्च
ओडेसाने निषेधाचं पत्र तयार केलं. बेचाळीस सह्या. म्हणाली, तू चित्रकार, तुझ्या सहीला वजन. केली. जोरात केली, कागद फाटता फाटता वाचला. आता कंपनीवर दोन्हीकडून दबाव. आतून मी, बाहेरूनही मीच.

२ एप्रिल
पत्र पोचलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, त्रेचाळिसावी सही तुझी दिसते, लू. मी म्हटलं, बायकोचं मन मोडवत नाही. ते खो खो हसले. म्हणाले, मग उत्तरही तूच लिही, तुला त्या मंडळींची नस ठाऊक. मी बाणेदार मसुदा केला: ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.’ साहेबांनी शेवटी एकच वाक्य घातलं: ‘हे चित्र आपल्याच समाजाचा एक कलावंत आनंदाने काढतो.’ आणि खाली माझी सही हवी म्हणाले, पूर्ण नावानिशी.

ल्यूशियस टॉलिव्हर, कलावंत.

तीन वर्षांत माझं नाव कुठेच आलं नव्हतं. कंपनीच्या कागदावर टाइप झालेलं फार देखणं दिसतं. ‘आनंदाने’ जरा खटकलं. तसं मी बोललोही. साहेब म्हणाले, टाइप झालंय आता, खोडाखोड बरी दिसत नाही. तेही खरंच.

७ एप्रिल
मजकूर इतका सभ्य आहे की ओडेसाला सहीकडे बघायचं सुचणारही नाही.

११ एप्रिल, रविवार
ओडेसाने पत्र चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचलं. सहीसकट. कुणी ओरडलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंची माणसं बाकावर जरा सरकली, एवढंच. बाहेर आल्यावर मी तिला सगळा कावा समजावून सांगितला. दर महिन्याला एक रेघ, म्हटलं. तिने विचारलं, आजवर किती झाल्या?

एक.

घरी येऊन तिने भिंतीवरून होरेसचा फोटो काढला. तिचा धाकटा भाऊ, लष्करी गणवेशातला. गेल्या महिन्यात बोटीने लढाईवर गेला. फोटो टेबलावर ठेवला, शेजारी पेन्सिल ठेवली. म्हणाली, माझ्या भावाचं चित्र काढून दे. मी म्हटलं, एवढंच ना?

डोळे बशीएवढे आले. खोडले. मग ओठ. मी अजून फोटोकडे नीट बघितलंही नव्हतं, तोवर हाताने काढून टाकले होते. पहिल्या पाच कागदांपर्यंत मी पेन्सिलला दोष दिला. सहाव्याला उजेडाला. सातव्याला फोटो झाकून आठवणीतून काढून बघितलं. होरेसला मी दहा वर्षं ओळखतो, आमच्या लग्नात माझ्या कोटाचं फूल त्यानेच लावलं होतं. त्यालाही कोंबडी दिसल्यासारखा चेहरा आला.

चार वाजेपर्यंत अकरा कागद झाले. ओडेसाने एकेक बघितला. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, राहू दे, ल्यूशियस. आणि फोटो परत लावायला गेली. खिळा सैल झाला होता. तो मी ठोकून दिला. तेवढं सरळ जमलं.