हातावरची तुळस

१२ जानेवारी, सोमवार
निरवांगीहून सकाळच्या एस.टी.नं बारामतीला आले. प्रतिक्षाची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पण ऊन झकास येतं. आधी बिरोबाचा फोटो पूर्वेला मांडला, भंडारा वाहिला, मगच पाणी प्याले. लेक कार्टूनच्या छोट्या फिल्मचं काम करते. इंदापूरची तिची मैत्रीण अल्फिया कॉम्प्युटरवर माणसं घडवते, हलवते. आमची प्रतिक्षा त्यांना कातडी, कापड आणि उजेड देते. एकवीस तारखेला फिल्म पाठवायची. पसंत पडली तर दोघींना पुण्यात कायमची नोकरी. तोवर पोरीच्या पोटात गरम भाकरी पडावी म्हणून मी आले. किराणाच्या वहीची मागची पानं कोरी होती, वाया कशाला घालवायची, म्हणून हे लिहितेय.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तिळाच्या पोळ्या केल्या. फिल्ममध्ये मेंढरांमागं फिरणारी एक म्हातारी आहे. अजून नुसती पांढरीफटक, चुना फासल्यासारखी. खऱ्या वस्तूचे जवळून फोटो काढायचे आणि ते तिच्या अंगावर चढवायचे, असं काम असतं. प्रतिक्षानं माझ्या घोंगडीचे फोटो काढले. म्हातारीच्या खांद्यावर घोंगडी अशी बसली, की हात लावावासा वाटला! मग म्हणाली, आई, तुझा हात दे की, गोंदणासकट. म्हटलं, घे बाई, फोटोला काय पैसं पडत्यात?
मनगटावरची तुळस मी सात वर्षांची असताना आईनं गोंदवून घेतली. तिला जाऊन बारा वर्षं झाली. म्हणायची, मेल्यावर सोनंनाणं हितंच राहतं, गोंदण तेवढं वर येतं. त्यावरनंच मी तुला वळखीन.

१६ जानेवारी, शुक्रवार
घोंगडी उन्हात टाकायला घेतली तर गुळगुळीत. लोकर बोचतच नाही, प्लॅस्टिकच्या कागदासारखी लागते. प्रतिक्षा हसली, म्हणाली, मशीनमध्ये घातलीस व्हय? मी काय येडी हाय का?

१७ जानेवारी, शनिवार
भाकरी थापताना पीठ हाताला चिकटेना. बघितलं तर तळहातावर एक रेघ नाही. तुळशीचं वृंदावन आहे, पानं पुसट झालीत. बिरोबाचं नाव घेऊन भंडारा लावला. कातडीवर थांबेना, घरंगळून गेला.

१८ जानेवारी, रविवार
तुळस गेली.
प्रतिक्षाला मनगट दाखवलं. पोरगी पांढरी पडली. म्हटलं, पुसून टाक तो फोटो. माझ्यादेखत पुसला. म्हातारीचा हात तसाच राहिला, तुळशीसकट. एवढ्यात पडद्यातल्या म्हातारीनं पदर सारखा केला.
मी अल्फियाला फोन लावला. तिला म्हटलं, म्हातारीला पदर सारखा करायला शिकवलंस ते आवर. ती म्हणाली, म्हाळसामावशी, मी तर तिला अजून हलवलंच न्हाय.

१९ जानेवारी, सोमवार
भर दुपार. प्रतिक्षा म्हातारीवर ऊन टाकत होती. खोलीतही ऊन. भिंतीवर खुर्चीची सावली, प्रतिक्षाची सावली. मधे मी उभी —
माझी नाही.
पडद्यात म्हातारीच्या पायाशी सावली पडली. कंबरेत वाकलेली. माझ्यासारखी.

२० जानेवारी, मंगळवार
पाठवू नको म्हटलं. सगळी म्हातारीच पुसून टाक. प्रतिक्षा रडली. म्हणाली, नोकरी गेली तर जाऊ दे, पण तिला पुसू कशी? तुलाच पुसल्यागत हुईल की गं.
संध्याकाळी जेवायला वाढलं. ताट घेतलं, माझ्याकडं बघितलं नाही. पडद्याकडं बघून म्हणाली, भाजी झकास झालीय, आई.

२१ जानेवारी
पेन बोटांतून निसटतं. आरशात तोंड — चुना फासल्यासारखं —
प्रतिक्षा दुकानातनं आली. दारातच थबकली. म्हणाली, कोण पायजे तुमाला? मी हात पुढं केला. कोरा. ती पडद्याला विचारते, आई, ह्या बाई कोण —
म्हातारीनं मनगट वर केलंय. तुळस हिरवीगार. तिच्यामागं माळावरून कुणीतरी येतंय — लाल लुगडं, एक पाय ओढत — आईच. माझी आई. बारा वर्षांनी —
आईनं म्हातारीचं मनगट हातात घेतलं. तुळशीवरून बोट फिरवतेय — हसली — वळखलं —
आगं आई, ती मी न्हाय. मी हितं हाय. हिकडं बघ, मी म्हाळ