सत्तावीस सुप्रभात

४ मार्च, सकाळी ५.४०
आजपासून रोज एक सुप्रभात-चित्र. फूल, तारीख आणि देखणी अक्षरं. गल्लीच्या ग्रुपवर तो निवृत्त पोस्टमन गुओ टाकतो तसली गुलाबछाप रद्दी नव्हे. रीतसर सॉफ्टवेअर घेतलंय. च्याई शहरातल्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर काढली. माझी नजर पक्की आहे.

पहिलं चित्र: कमळ, सोनेरी अक्षरं, उठाव, शाडो, चमक. ग्रुपवर टाकलं. पेई-रूला वेगळं पाठवलं.

पेई-रू म्हणजे आमची मुलगी. तिकडे शिन्चू शहरात नोकरीला. नववर्षाच्या जेवणापासून बोलत नाही. मी एवढंच म्हणालो होतो की चौतिसाव्या वर्षी मांजर पाळलं म्हणजे संसार झाला असं नव्हे. यात चिडण्यासारखं काय आहे? बापाने आधी फोन करायचा नसतो. चित्र म्हणजे काही फोन नव्हे. तिचं उत्तर आलं की मिटलं.

७ मार्च
उत्तर नाही. नुसतं 'वाचलं' दिसतं. चमक कमी पडली असणार.

१२ मार्च
सातरंगी अक्षरं, त्यांना पांढरी कडा, तिला लाल कडा, मागून उजेड. बायकोला दाखवलं. सू-मेई म्हणाली, "अगं बाई! चित्र आहे की देवळावरची रोषणाई? पोरीला फोन करा, चुकलं म्हणा, सुटाल." तिला डिझाइनमधलं काही कळत नाही.

'वाचलं.'

२० मार्च
गुओ दारात भेटला. म्हणाला, "वेंगभाऊ, तुमचं चित्र उघडलं की आमची म्हातारी गॉगल मागते." जळतो. जळू दे.

२९ मार्च
एका ऑनलाइन मास्तराचा धडा पाहिला. म्हणे, कमी तेच भारी. रिकाम्या जागेला बोलू द्या. हे मी पूर्वीपासून म्हणत आलोय. मनातल्या मनात.

संकल्प: उद्या असं चित्र, की पेई-रूला उत्तर द्यावंच लागेल.

३० मार्च, सकाळी ६.१०
झालं. सगळे रंग हाकलले. माझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, काळा-पांढरा. भोवती पांढरी शेवंती. 'सुप्रभात' खोडलं, उगाच गर्दी. फक्त माझं पूर्ण नाव, उभं, आणि आजची तारीख. डोक्यामागे मंद उजेड, बस्स, एकच इफेक्ट. पाठवलं.

६.३०
तेवीस जणांनी हात जोडले! गुओने लिहिलं, रडू आवरत नाही. तुकवली एकदाची मान. कलाकाराने टाळ्या मोजत बसू नये. फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला.

९.२०
पेई-रू आली. पायात घरातल्या सपाता, एक निळी, एक हिरवी. मी बनियनवर पेज खात होतो. दारातूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही जिवंत आहात?" बापाला विचारायची ही पद्धत? मग मटकन खाली बसून ढसाढसा रडली. मग उठली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ही काय सुप्रभातची चित्रं झाली? असं माणूस गेल्यावर करतात, बाबा!"

चित्र परत पाहिलं. सावकाश पाहिलं. मांडणी थोडी तशी वाटू शकते, हे मान्य.

तेवढ्यात सू-मेई भाजी घेऊन आली. बाजारात चार बायकांनी तिचा हात धरून "धीर धर" म्हटलं. तिला वाटलं, माझ्याशी संसार करते म्हणून. पाठोपाठ गुओ, खरी शेवंती घेऊन. मला पाहून त्याचा चेहरा पडला, हे मी विसरणार नाही.

संध्याकाळी ५.००
पेई-रू दोन वाडगे टर्कीभात खाऊन गेली. जाण्याआधी कॉम्प्युटरवरून सॉफ्टवेअर काढून टाकलं. म्हणाली, "रोज उघडून बघत होते, बाबा. वाटायचं, एकात तरी माझ्याशी काहीतरी बोलला असाल." मी म्हणालो, सत्तावीस चित्रं काय कमी झाली? सू-मेईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. सपातेसकट.

३१ मार्च, सकाळी ६.००
सॉफ्टवेअर नाही. फोनवर येतात तशी साधी काळी अक्षरं: "मांजर कसं आहे? मी तसं बोलायला नको होतं." उठाव नाही, शाडो नाही, चमक नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात भिकार काम. बराच वेळ नुसतं बघत बसलो. पाठवलं.

६.२५
उत्तर आलं. मांजराचा फोटो, गुबगुबीत, कपाळावर आठी. त्यावर सोनेरी, चमचमती, सातरंगी कडेची अक्षरं: "सुप्रभात, बाबा."

शाडो चुकीच्या बाजूला पडलीय. कळवणार होतो. नाही कळवलं.